परगावचा मुक्काम आणि आपली चूल

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या वस्त्यांतून एकच बोलणे ऐकू येते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, नाहीतर बांधकामावर राबणाऱ्या घरातली पोरे म्हणतात, "या वर्षी कुठेतरी जाऊ या." आई म्हणते, "जाऊ, पण राहायचे कुठे आणि खायचे काय?" बाप काहीच बोलत नाही. तो मनातल्या मनात हिशेब मांडत असतो. शेवटी मामाच्या गावाला चार दिवस जाऊन यायचे ठरते आणि समुद्र, लेणी, डोंगर हे सारे पुढच्या वर्षावर जाते.

मामाच्या गावाला जाण्यात काही कमीपणा नाही. परंतु कष्टकऱ्याच्या पोरानेही एकदा समुद्र पाहावा, अजिंठा-वेरूळ पाहावे, शांत जागी चार दिवस राहावे, असे आम्हाला वाटते. त्यात अडचण नेमकी कोठे आहे ते पाहू. एस.टी.चे भाडे एकदाच द्यावे लागते. खरी अडचण ताटांची आहे. पाच माणसांचे घर धरले तर दोन वेळची दहा ताटे होतात. चार दिवसांची चाळीस ताटे झाली. चहा, नाश्ता, पोरांचे बिस्किटपुडे वेगळेच. चाळीस ताटे खाणावळीत घ्यायची म्हटली की महिन्याचा किराणा चार दिवसांत संपतो. म्हणून ज्या घराला फिरायला जायचे आहे, त्याने खाणावळ शोधण्याऐवजी चूल असलेली खोली शोधावी. आज याच विषयावर वाचक बंधू-भगिनींशी बोलायचे आहे.

एक खोली, एक ओटा

ही कल्पना नवी नाही आणि ती गरिबांपुरतीही नाही. युरोपात ग्रीस नावाचा देश आहे. त्याच्या भोवतालच्या समुद्रात लहानमोठी पुष्कळ बेटे आहेत. गर्दीच्या बेटांपासून दूर अशा शांत बेटांवर तिथली साधी कुटुंबे आपल्या घराच्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. त्या खोलीला तिकडे 'स्टुडिओ' म्हणतात. नाव मोठे असले तरी खोली साधीच असते. दोन खाटा, कोपऱ्यात दोन शेगड्यांचा ओटा, भांडी धुवायची जागा, छोटा फ्रीज आणि बाहेर बसायला गच्ची. पाहुण्याने सकाळी भट्टीवरून पाव आणायचा, बंदरावरून मासळी आणायची, भाजीवाल्याकडून टोमॅटो-कांदे आणायचे आणि हाताने करून खायचे. पुष्कळ बेटांवर गोड्या पाण्याची टंचाई असते, म्हणून घरमालक पाणी जपून वापरायला सांगतो. दुष्काळी भागातून आलेल्या आपल्या माणसाला हे सांगावे लागणार नाही.

आपल्याकडे हीच सोय वेगवेगळ्या नावांनी मिळते. कोकणच्या किनाऱ्यावर गावोगावी 'घरगुती राहण्याची सोय' अशा पाट्या असतात. तीर्थाच्या गावी धर्मशाळा असतात. कुठे विहाराला जोडून सभागृह आणि स्वयंपाकाची जागा असते. बुद्धगयेला निरनिराळ्या देशांनी बांधलेले विहार आहेत, त्यांपैकी काही ठिकाणी यात्रेकरूंना खोली मिळते. स्टुडिओ म्हणा की धर्मशाळा म्हणा, डोक्यावर छप्पर, प्यायला पाणी आणि चूल पेटवायला जागा या तीन गोष्टी मिळाल्या की कष्टकऱ्याच्या घराला मुक्काम करता येतो.

परंतु आपल्या समाजाला या तीन गोष्टी केवळ पैशाअभावी नाकारल्या गेल्या नव्हत्या. त्या जातीवरून नाकारल्या गेल्या होत्या. म्हणून सहलीला निघण्यापूर्वी हा इतिहास पोरांना सांगितला पाहिजे.

अन्न होते, पाणी नव्हते

परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या प्रवासातल्या आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या आहेत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० साली प्रसिद्ध केल्या. त्यातली पहिलीच आठवण उन्हाळ्याच्या सुट्टीची आहे. साल १९०१. बाबासाहेब दहा वर्षांचे होते आणि कुटुंब साताऱ्याला राहत होते. वडील नोकरीनिमित्त परगावी होते. त्यांनी पोरांना सुट्टीत आपल्याकडे बोलावले. नवे कपडे शिवले, नव्या टोप्या आल्या, वाटेसाठी फराळाची टोपली भरली. थोरला भाऊ आणि बहिणीची मुले यांच्यासह ही पोरे आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली.

पुढचा प्रवास बैलगाडीचा. आपण महार आहोत असे पोरांच्या तोंडून निघाले आणि स्टेशनमास्तरचा चेहराच बदलला. एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्री टोलनाक्यापाशी थांबले तेव्हा टोपलीत अन्न भरपूर होते. पण प्यायला पाणी कुणी देईना. अन्न उशाशी ठेवून ती पोरे उपाशी झोपली.

या आठवणीत आमच्या विषयाचे सारे मर्म आहे. हातचा शिधा कितीही असला तरी पाणी देणारा कोणी नसेल तर तो शिधा तसाच राहतो.

पुढे बाबासाहेब अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले. त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी सराईत त्यांना नाव लपवून दिवसाला दीड रुपया देऊन राहावे लागले. काही दिवसांनी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि सामानासह त्यांना बाहेर काढले. तो दिवस त्यांनी बागेत बसून काढला. परदेशात विद्वानांच्या रांगेत बसलेल्या या माणसाला स्वदेशात एक खोली मिळू नये, याचा विचार आज खोलीची चावी हातात घेताना प्रत्येकाने करावा.

तिसरी आठवण आपल्या नाशिकशी जोडलेली आहे. १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे तीसएक सहकारी वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. सारे जण नाशिकला एकत्र जमले आणि इथून पुढे गेले. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाची धूळ धुवावी म्हणून काहींनी दरवाजाजवळच्या हौदातल्या पाण्याने हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवला म्हणत मुसलमानांचा जमाव धावून आला. म्हणजे सहलीला गेलेल्या माणसाला तोंड धुण्याचाही हक्क नव्हता. हे लिहिताना बाबासाहेबांनी कोणत्याही धर्माला झुकते माप दिलेले नाही. अस्पृश्यता एका धर्माच्या घरात जन्मली तरी ती सगळ्यांच्या घरात शिरली होती, एवढेच त्यांनी दाखवले.

आणि हे सारे ज्या काळात घडले त्याच काळात आपल्या नाशिकला, पंचवटीत, काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. २ मार्च १९३० रोजी तो सुरू झाला आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालवला. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दरवाजे ठोठावून जे उघडले नाहीत, त्यांच्यापुढे उभे राहणे सोडून स्वतःचे घर बांधायचे, असा तो निर्णय होता.

त्रिरश्मीवरच्या खोल्या कोणासाठी होत्या?

ते घर नवे नव्हते. नाशिकहून मुंबईच्या रस्त्याला सात-आठ किलोमीटरवर त्रिरश्मीचा डोंगर आहे. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा त्याच्याशी काही संबंध नाही. ही बौद्ध लेणी आहेत आणि तेथल्या शिलालेखांत डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे कोरलेले आहे. जुन्या क्रमवारीप्रमाणे तेथे २४ लेणी आहेत. बहुतेक विहार आहेत, म्हणजे भिक्खूंच्या मुक्कामाच्या जागा. मध्ये मोकळे दालन, तीन बाजूंना लहान लहान खोल्या, बाहेर ओसरी आणि जवळच खडकात खोदलेले पाण्याचे टाके. छप्पर आणि पाणी या दोन्ही गोष्टी तेथे दिसतात. चूल मात्र नाही, कारण भिक्खू भिक्षेवर जगत. त्यांची चूल म्हणजे पायथ्याच्या गावांतली उपासकांची घरे.

सतराव्या लेण्यातला लेख आपल्या पोरांना मुद्दाम दाखवावा. हे लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या माणसाने कोरवून घेतले. त्याच्या बापाचे नाव धर्मदेव. तो उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा आणि जातीने यवन, म्हणजे ग्रीक. आईवडिलांच्या नावाने, सर्व बुद्धांच्या पूजेसाठी, आपल्या धर्मरक्षित या मुलासह त्याने ते लेणे संघाला दिले. ग्रीकांच्या बेटावर आज आपली माणसे खोली घेऊन राहतील न राहतील, पण ग्रीक माणसाने आपल्या नाशिकला खोल्या कोरून ठेवल्या आहेत. ग्रीकांचा आणि धम्माचा हा संबंध आपल्याला परका नाही. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, बाबासाहेबांनी १९५० साली कॉलेज काढले. त्याला आपण मिलिंद महाविद्यालय म्हणतो. हा मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. 'मिलिंदपञ्ह' या पालि ग्रंथात भिक्खू नागसेन त्याला जन्मस्थान विचारतात, तेव्हा तो आपला जन्म अलसंद नावाच्या द्वीपावर झाल्याचे सांगतो.

इंद्राग्निदत्ताने लेणे दिले ते कोणाला? लेखात शब्द आहेत 'चातुदिस भिखुसंघ'. म्हणजे चारही दिशांचा भिक्खुसंघ. पूर्वेकडून आलेला, दक्षिणेकडून आलेला, कोणत्याही कुळातला, कोणतीही बोली बोलणारा भिक्खू तेथे हक्काने मुक्काम करू शकत होता. खोली मागणाऱ्याला 'तू कोण?' असे विचारायचे नाही, हा नियम दगडात कोरलेला आहे. बडोद्याच्या सराईच्या दारात उभ्या असलेल्या बाबासाहेबांना जे मिळाले नाही, ते अठरा-एकोणीसशे वर्षांपूर्वी या डोंगरावर कोणालाही मिळत होते.

दान देणारेही सगळ्या थरांतले होते. आठव्या लेण्यातल्या लेखात मुगूदास नावाच्या दासकाचे, म्हणजे मच्छिमाराचे, कुटुंबासह दिलेले दान नोंदलेले आहे. राजाराणीच्या लेखाइतकाच त्याचा लेख आजही टिकून आहे.

उषवदाताचा हिशेब

दहाव्या लेण्यात तर मुक्कामाच्या सोयीची पूर्ण योजनाच वाचायला मिळते. उषवदात हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपुर म्हणजे मंदसोर, शूर्पारक म्हणजे सोपारा आणि आपल्या नाशिकजवळचे गोवर्धन, या चार ठिकाणी प्रवाशांसाठी चौसोपी निवासगृहे बांधल्याचा उल्लेख आहे. विहिरी आणि तळी खोदली, बागा लावल्या, तापी-दमणगंगा अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि काठावर पाणपोया घातल्या, असेही लेख सांगतो. सत्य सांगायचे तर त्याने ब्राह्मणांनाही गाई आणि गावे दान दिली होती, तेही त्याच लेखात आहे. पण प्रवाशाला निवारा आणि पाणी ही सार्वजनिक गोष्ट आहे, ही समज त्या लेखात स्पष्ट दिसते.

लेणे कोरून तो थांबला नाही. ते चालणार कसे याचीही त्याने व्यवस्था केली. त्याने ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक टक्का व्याजाने. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा पाऊण टक्क्याने. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. आता आपल्या आठवीच्या पोराला गणित घाला. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४० कार्षापण. लेख म्हणतो की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ द्यायचे. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला ९० येतात, ते किरकोळ खर्चाला. हा सारा व्यवहार नगरसभेत वाचून दाखवला आणि फळीवर नोंदवला गेला.

बंधू-भगिनींनो, ही ठेव सांभाळणारे विणकर होते, आपल्यासारखेच हातावर पोट असलेले कारागीर. कष्टकऱ्यांच्या संघटनेवर विश्वास ठेवून मोठी रक्कम दिली जात होती आणि तिचा हिशेब उघड्यावर मांडला जात होता. आपल्या प्रत्येक विहार समितीने हा लेख भिंतीवर लावावा असा आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे

आज काळ बदलला आहे. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १५ व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तळी, घाट यांच्या वापरात जातीवरून अडवणूक करण्यास बंदी घातली. १९५५ साली अस्पृश्यता निवारणाचा कायदा झाला. १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेल, धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांचा नावानिशी उल्लेख आहे. एवढेच नाही, तर तेथे लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरायला अस्पृश्यतेच्या कारणावरून मनाई करणे हाही त्या कलमाखाली गुन्हा आहे. शिक्षा एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दंडही. पातेल्यापर्यंत विचार करून केलेला हा कायदा आपल्या किती जणांना माहीत आहे?

तरीही नकार नव्या रूपात येतो. फोनवर खोली रिकामी असते. आडनाव सांगितले की 'आताच भरली' होते. कुठे 'फक्त शाकाहारी कुटुंबासाठी' अशी पाटी लावून चाळण लावलेली असते. खाण्यापिण्याचा नियम सगळ्यांना सारखा लावलेला असेल, तर तो पाळावा किंवा दुसरीकडे जावे. पण नियम एक आणि विचारणा जातीची, असे दिसले तर गप्प बसू नये. कोणी, केव्हा, काय म्हटले ते लगेच कागदावर लिहावे, सोबतच्या माणसाची सही घ्यावी आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. भांडण करून पोरांची सहल बिघडवू नये, पण अपमान गिळून घरीही येऊ नये. आणि नाव कधीही लपवू नये. बाबासाहेबांना ते लपवावे लागले, म्हणूनच आपल्याला ते उघड सांगण्याचा हक्क मिळाला आहे.

या वाटेवर आपल्याला साथ देणारेही होऊन गेले, हे विसरू नये. संत गाडगेबाबांनी नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा बांधल्या. स्वतः मात्र झोपडीत राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. गाडगेबाबा आणि बाबासाहेब दोघेही १९५६ च्या डिसेंबरात चौदा दिवसांच्या अंतराने गेले.

निघण्यापूर्वी

आता थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. खोली ठरवताना चार प्रश्न आधी विचारून घ्यावेत. स्वयंपाक करू देतात का? शेगडी त्यांची की आपली? पिण्याचे पाणी कोठून भरायचे? भांडी मिळतात का आणि त्याचे वेगळे पैसे किती? उत्तरे कागदावर उतरवून घ्यावीत. पैसे दिल्याची पावती घ्यावी.

शिधा घरून न्यावा. पाच माणसांना तीन दिवसांसाठी तीन किलो कणीक, दोन किलो तांदूळ आणि एक किलो डाळ पुरते. तेल, तिखट-मीठ, हळद, चहापत्ती, साखर लहान लहान डब्यांत भरावी. शेंगदाण्याची चटणी आणि लसणाचा ठेचा केला की पहिल्या रात्रीची भाजी वाचते. पहिल्या दिवसासाठी बाजरीच्या भाकरी बांधून घ्याव्यात. भाजी, दूध, मासळी मात्र तेथल्या बाजारातून घ्यावी. ती ताजी मिळते आणि त्या गावच्या माणसाशी ओळखही होते. एक कुकर, एक तवा, एक पातेले, पोळपाट-लाटणे आणि सुरी एवढ्यात काम भागते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. रेल्वेच्या डब्यात गॅसची टाकी, रॉकेल किंवा स्टोव्ह नेऊ नका. तो कायद्याने गुन्हा आहे आणि जीवाशी खेळ आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत मदुराई येथे यात्रेकरूंच्या उभ्या डब्यात चोरून आणलेल्या गॅसच्या टाकीने आग लागली आणि नऊ माणसे गेली. ती माणसे लखनौहून देवदर्शनाला निघाली होती. दीक्षाभूमीला, बुद्धगयेला आपल्याकडूनही डबे आणि बसगाड्या भरून जातात. आयोजकांनी टाकी गाडीत चढू देऊ नये. तसेच खोलीत कोळशाची शेगडी पेटवून दारे-खिडक्या लावून झोपू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

मग सुट्टी कोणाची?

येथे आमच्या वाचक भगिनी आम्हाला एक प्रश्न विचारतील आणि तो रास्त आहे. घरीही स्वयंपाक मीच करायचा आणि परगावी जाऊनही मीच करायचा, तर मग फिरायला गेले कोण? नवरा आणि पोरे समुद्रावर, आणि बाई परक्या ओट्यापाशी. याला सहल म्हणत नाहीत, चुलीची बदली म्हणतात.

म्हणून आमची सूचना अशी आहे की, चूल असलेली खोली घ्यायची तर घरातल्या सगळ्यांनी कामाची वाटणी आधी करावी आणि ती कागदावर लिहून भिंतीला लावावी. सकाळचा चहा-पोहे बापाने करावेत. पाणी आणि बाजार थोरल्या मुलाने पाहावा. भांडी मुलगा आणि मुलगी दोघांनी घासावीत, एकट्या मुलीने नव्हे. दिवसातून एकच वेळ पूर्ण स्वयंपाक व्हावा आणि दुसऱ्या वेळी खिचडी. तीन दिवसांतली एक वेळ तरी सगळ्यांनी बाहेर जेवावे, चाळीस ताटांतली पाच ताटे आईच्या विश्रांतीसाठी खर्च झाली तर घर बुडत नाही. समतेची भाषणे आपण खूप ऐकतो. ती ओट्यापाशी किती उतरली, हे सहलीत कळते.

ज्या भगिनींना खरोखरच चुलीपासून दूर, शांततेत राहायचे असेल त्यांच्यासाठी आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे. १९७६ पासून तेथे शिबिरे चालतात. दहा दिवसांच्या शिबिरात राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाहीत. आधीच्या साधकांच्या दानावर खर्च चालतो. मौन पाळायचे, ध्यान करायचे, आणि जेवण वाढलेले मिळते. अर्ज आधी करावा लागतो. ज्या घरात नवरा दहा दिवस चूल सांभाळायला तयार होईल, त्या घरातली सुट्टी अर्धी तेथेच यशस्वी झाली असे आम्ही समजू.

खोली सोडताना

पाहुण्याने कसे वागावे, हे तथागतांनी भिक्खूंना बारकाईने शिकवले आहे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात त्याचा वेगळा भागच आहे. येणाऱ्या भिक्खूने आत शिरण्यापूर्वी पादत्राणे काढून झटकावीत. पिण्याचे पाणी कोणते आणि वापरण्याचे कोणते, हे विचारून घ्यावे. खोली मळलेली असेल तर स्वतः झाडून घ्यावी, जळमटे काढावीत, पाणी भरावे. निघताना लाकडी आणि मातीचे सामान नीट आवरून ठेवावे, दारे-खिडक्या लावाव्यात आणि तेथे असलेल्याला सांगून जावे. छप्पर गळत असेल आणि आपल्याला जमत असेल, तर ते शाकारून जावे.

आपल्या पोरांना हे नियम पाठ करून घ्यावेत. दिलेली भांडी मोजून परत करावीत. ओटा पुसून, मोरी धुऊन, कचरा उचलून खोली सोडावी. आपल्या मागून जे कुटुंब येईल, त्याला आपली जात नव्हे, आपला स्वच्छ ओटा दिसला पाहिजे.

शेवटी एक मागणी आपल्या विहार समित्यांकडे. महाराष्ट्रात गावोगावी विहार उभे राहिले आहेत. पुष्कळ ठिकाणी जयंती आणि पौर्णिमा सोडली तर एखादी खोली वर्षभर कुलपात असते. अशा प्रत्येक विहाराने एक खोली, एक ओटा, पिण्याच्या पाण्याचे पिंप आणि दहा माणसांची भांडी परगावच्या कुटुंबासाठी ठेवावी. नाममात्र शुल्क घ्यावे, वही ठेवावी आणि हिशेब विहारात वाचून दाखवावा. मुद्दल बँकेत कायम ठेवून व्याजावर रंग-दुरुस्ती करावी. उषवदाताने विणकरांच्या भरवशावर जे केले, ते आपल्याला न जमण्यासारखे नाही. आणि येणाऱ्याला जात विचारू नये. चारही दिशांकडून कोणीही येवो, त्याला किल्ली द्यावी आणि पाण्याचे पिंप कोठे आहे ते आधी दाखवावे.

नाशिकचे एखादे कामगार कुटुंब मग बिनधास्त नागपूरला, महाडला, वेरूळला जाऊ शकेल आणि तिकडचे कुटुंब त्रिरश्मी पाहायला आपल्याकडे येऊ शकेल. मसूरच्या वाटेवर जी पोरे भरल्या टोपलीशेजारी तहानलेली झोपली, त्यांचे देणे अशाच रीतीने फेडता येईल.

जय भीम! नमो बुद्धाय!